पाय सत्तावीसचा, बूट साडेअठ्ठावीसचा

पत्र थोडक्यात असं: वाचक मूळचे नाशिकचे, वय 43, गेली नऊ वर्षं म्युनिकला नोकरी. सॉफ्टबूट (मऊ बूट) घालून सात हिवाळे स्नोबोर्डिंग केलं. गेल्या वर्षी ऑस्ट्रियात टिरोलमधल्या झिलरटालमध्ये लिफ्टवरून त्यांना एक गृहस्थ दिसले. अरुंद लांब बोर्ड, पायात स्कीसारखे प्लास्टिकचे बूट, अंग जवळजवळ बर्फाला टेकलेलं आणि मागे पेन्सिलने ओढल्यासारखी रेघ. ह्याला कार्व्हिंग म्हणतात: बोर्ड न घसरवता नुसत्या धारेवर वळण घेणं. तेव्हापासून ह्या वाचकांची झोप उडाली. जुन्या बाजारातून 185 सेंटीमीटरचा शर्यतीचा बोर्ड घेतला, कंबर (बोर्डची मधली सगळ्यांत अरुंद जागा) 19.5 सेंटीमीटर, साइडकट (कडेच्या वक्राची त्रिज्या) सुमारे 20 मीटर. सोबत प्लेट बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला अडकवणारी पकड, आणि 28.5 नंबरचे हार्डबूट, म्हणजे तसेच प्लास्टिकचे कडक बूट. चार दिवस चालवून पाहिलं. बोटं बधिर, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी, नडगीवर वळ. टो-साइडला, म्हणजे बोटांकडच्या धारेवर झुकताना, टाच उचलली जाते. जरा जास्त झुकलं की बोर्ड पायाखालून एकदम निसटतो. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे बाइंडिंग दोन्ही 45 अंशांवर आहेत. आता त्यांचे प्रश्न दोन: अजून मोठे बूट घ्यावेत, की पैसे घालून शर्यतीवाले सगळ्यांत कडक बूट घ्यावेत? की बायको म्हणते तसं, ह्या वयात हा नाद सोडावा? जाता जाता एका ओळीत त्यांनी लिहिलंय, ‘माझा पाय मोजला तर 26.8 सेंटीमीटर भरतो.’

तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. बाकीची दोन पानं लिहिली नसती तरी चाललं असतं, असं गमतीने म्हणते. रागावू नका.

तुम्ही धरून चालला आहात की दुखतंय म्हणजे बूट आवळतोय. रोजच्या चपलाबुटांचा आपला अनुभव तसाच असतो, म्हणून हे वाटणं साहजिक आहे. हार्डबूटमध्ये मात्र बहुतेक वेळा उलटं निघतं. बूट मोठा असला की पाय आत पुढे-मागे सरकतो. टो-साइडला झुकलात की टाच उठते, पाय पुढे घसरतो आणि अंगठा प्लास्टिकवर आपटतो. दिवसातून पाचशे वेळा. नख काळं पडणारच. पाय हलतोय म्हणून तुम्ही बकल आणखी आवळता. आवळलेलं बकल पायाच्या वरच्या बाजूची नस आणि रक्त दाबतं, बोटं बधिर होतात. तरी टाच उठतेच, कारण बकल टाचेला धरत नाही, फक्त पावलाला चेपतं. आणि सैल नळकांड्यात पोटरी डुलत असेल तर प्रत्येक वळणाला नडगी पुढच्या कडेवर धडकते. तुमच्या चारही तक्रारी एकाच घरातल्या आहेत.

मोठ्या तोंडाने सांगतेय, पण मी स्वतः पहिले दोन हिवाळे दीड नंबर मोठ्या बुटात काढले. दुकानातल्या माणसाने ‘आरामात बसतंय ना?’ विचारलं आणि मी मान डोलावली. बसत होतं आरामातच, दुकानातल्या गालिच्यावर.

हार्डबूटचा नंबर म्हणजे मोंडो, अर्थात पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये. तुम्ही बहुतेक स्पोर्ट्स शू 43 घालता म्हणून कुठल्यातरी तक्त्यात बघून 28 काढलात आणि जाड मोज्यांसाठी अर्धा वाढवलात. तो तक्ता विसरा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, वजन त्याच पायावर टाका आणि सगळ्यांत लांब बोटापुढे कोणालातरी खूण करायला सांगा. स्वतः वाकून केलीत तर टाच सुटते आणि माप चुकतं. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. 26.8 आलं तर 26.5 किंवा 27 पासून सुरुवात करायची. 28.5 चा विचारही नाही.

पुढची पायरी मात्र आकड्यापेक्षा महत्त्वाची. आतलं लायनर, म्हणजे मऊ अस्तर, ओढून बाहेर काढा. नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये अनवाणी पाय घाला, बोटं पुढे अलगद टेकतील इतकाच सरका, गुडघा किंचित वाकवा, आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. टॉर्च लावून पाहा किंवा बोटं घालून. एक बोट जेमतेम जात असेल, म्हणजे सेंटीमीटर ते दीड सेंटीमीटर, तर उत्तम. दोन बोटं आरामात जात असतील तर तो बूट तुमचा नाही, कितीही स्वस्त मिळू दे. तुमच्या आत्ताच्या बुटात हाच प्रयोग आज रात्री करा. माझा अंदाज आहे, तीन बोटं जातील. अनेक कंपन्या लागोपाठच्या दोन नंबरांना एकच शेल देतात, फक्त लायनर किंवा आतला तळवा बदलतो. म्हणून बुटावरच्या नंबरापेक्षा टाचेपाशी कोरलेली सोलची मिलिमीटरमधली लांबी बघायची सवय लावा. जुन्या बाजारात विक्रेत्याकडे त्या आकड्याचा फोटो मागावा.

नवीन कोल्हापुरी करकरून चावते, तेल पाजलं, महिनाभर वापरली की पायाच्या आकाराची होते. हार्डबूटमध्ये हे अर्धंच खरं आहे. लायनर दबतं, सैल होतं, दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत चांगलं काही मिलिमीटरने. प्लास्टिक मात्र जिथल्या तिथे राहतं. म्हणून नवीन असताना बोटांची टोकं पुढे हलकेच लागली पाहिजेत आणि गुडघा पुढे वाकवला की मागे हटली पाहिजेत. उभं राहिल्यावर ‘अरे, जरा घट्टच आहे’ वाटायला हवं. पण कुठे तरी एकाच बिंदूवर टोचत असेल, घोट्याच्या हाडावर किंवा करंगळीच्या मुळाशी, तर तो नंबराचा दोष नाही, आकाराचा आहे. त्यासाठी मोठा बूट घ्यायचा नसतो. म्युनिकमध्ये स्कीबूट बसवून देणारी दुकानं भरपूर आहेत. ते लोक शेल गरम करून नेमक्या त्या जागी आतून बाहेर फुगवून देतात. थर्मो लायनर असेल तर तेही भट्टीत तापवून तुमच्या पायावर साच्यासारखं बसवता येतं, फेसाच्या जातीप्रमाणे सुमारे 110 ते 120 अंशांवर दहा-बारा मिनिटं. घरच्या ओव्हनमध्ये करणारे असतात. मी एकदा केलं आणि लायनरची एक कड वितळवली. पहिल्यांदा तरी दुकानातच करून घ्या, आणि तेव्हाच आतला तळवा पायाच्या कमानीला भरीव आधार देणारा करून घ्या. टाच जागेवर राहण्यात त्याचा वाटा बकलापेक्षा जास्त असतो.

मोजे एकच जोडी, पातळ, गुडघ्यापर्यंतचे. दोन घालू नका. थंडी मोज्याने जात नाही, रक्त वाहिल्याने जाते. बूट चढवताना टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, घोट्यापाशी असलेलं बकल आधी लावा, मग नडगीवरची, आणि चवड्यावरची अगदी शेवटी, नुसती मिटवण्यापुरती. चवड्यावरचं बकल जोर लावून ओढावं लागत असेल तर शेल मोठं आहे, एवढंच ते सांगत असतं. लिफ्टवर बसलात की सगळी सोडायची.

आता तो निसटणारा बोर्ड. तुम्ही लिहिलंय, ‘माझा तोल अजून तयार नाही बहुतेक.’ असेलही. पण आधी साधा हिशोब करू. तुमच्या बुटाची सोल 325 मिलिमीटरच्या आसपास असणार. बाइंडिंग बोर्डला आडवी असते तेव्हा शून्य अंश, बोर्डच्या लांबीच्या दिशेने वळवत नेलं की अंश वाढतात. 45 अंशांवर त्या बुटाची आडवी व्याप्ती, नुसती लांबी धरली तरी, 23 सेंटीमीटर होते. बुटाला रुंदीही असते, ती वेगळीच. तुमचा बोर्ड कंबरेत 19.5, बाइंडिंगपाशी फार तर सेंटीमीटरभर जास्त. म्हणजे दोन्ही कडांना बूट दीड-दोन सेंटीमीटर बाहेर लोंबतोय. तुम्ही मनापासून झुकता तेव्हा आधी बुटाचं टोक बर्फाला लागतं, ते बोर्डची धार उचलतं, आणि धार सुटली की तुम्ही पडलात. हे तोलाचं पाप नाही. तुम्ही जितकं चांगलं झुकाल तितकं हे हमखास होईल. छोटा बूट घेतलात की ह्यातला अर्धा प्रश्न आपोआप संपतो, उरलेला अंश वाढवून.

45 हा आकडा विक्रेत्याने कुठून आणला ते कळतं. स्वित्झर्लंडच्या झिनालमध्ये जी अंग पूर्ण बर्फावर झोकून देण्याची कार्व्हिंगची शैली रुजली, तिचे चाहते कमी अंश लावतात, पण ते त्यासाठी रुंद बोर्ड वापरतात. तुमच्या बोर्डला ते लागू नाही. नियम उलट्या बाजूने लावायचा: बूट कडेबाहेर येणार नाही असा कमीत कमी कोन. घरात गालिच्यावर बोर्ड ठेवा, बूट बाइंडिंगमध्ये अडकवा, कडेला पट्टी उभी धरा. बूट पट्टीला लागतो का? लागला तर दोन-तीन अंश वाढवा. पुढे बोटाकडे आणि मागे टाचेकडे अंतर सारखं येईपर्यंत बूट सरकवा. 27 चा बूट आणि तुमचा बोर्ड धरला तर पुढचा पाय 60 च्या आसपास जाईल, मागचा त्याहून दोन-तीन अंश कमी. डोळ्यांना विचित्र दिसेल, दोन्ही पाय समोर बघतायत असं. दोन दिवसांत सवय होते.

गालिच्यावर आहातच तर आणखी एक बघा. दोन्ही बूट बंद करून बोर्डवर उभे राहा, डोळे मिटा, अंग ढिलं सोडा, मग उघडा. मागचा गुडघा कुठे आहे? सपाट बाइंडिंगवर तो बहुतेकांचा बाहेर पडतो, कारण पाय लांब पसरलेले असतात आणि प्लास्टिक घोटा वाकू देत नाही. मग माणूस दिवसभर स्वतःच्या बुटाशी कुस्ती खेळतो आणि रात्री मांड्या दुखतात. त्यासाठी पाचरी असतात. पुढच्या पायाखाली बोटांकडे उंची, मागच्या पायाखाली टाचेकडे उंची, साधारण तीन अंशांपासून सुरुवात. बॉम्बर कंपनीच्या टीडी 3 बाइंडिंगला तीन आणि सहा अंशांच्या तिरक्या चकत्या येतात, एफ 2 कंपनीच्या बाइंडिंगला प्लास्टिकच्या पाचरी लागतात. तुमच्या जुन्या बाइंडिंगला कुठल्या बसतील ते मॉडेल बघून ठरवा. दोन पायांतलं अंतर 45 ते 50 सेंटीमीटरच्या दरम्यान असू दे. आणि बुटाच्या मागे पोटरीपाशी जी खाचांची कळ असते, तिने मागचा बूट पुढच्यापेक्षा एक-दोन खाचा जास्त पुढे झुकवा. कृपा करून हे सगळं एका दिवशी बदलू नका. एक गोष्ट बदला, चार-पाच फेऱ्या मारा, खिशातल्या कागदावर लिहा. मी पेन्सिलीने बाइंडिंगवरच तारीख आणि अंश लिहिते. बायको हसेल, हसू दे. बूट बदलला की बाइंडिंगची पुढची-मागची कडी नव्या लांबीला पुन्हा बसवायला विसरू नका. पुढचा खटका अंगठ्याने सहज पडत असेल तर तो सैल आहे, तळहाताचा जोर लागायला हवा.

कडक बुटांबद्दल. शर्यतीत जे घालतात ते सर्वोत्तम, हा समज मी तोडू इच्छिते, थोडा निष्ठुरपणे. शर्यतीतला माणूस बर्फाच्या काचेवर दांड्यांमधून जातो, रोज जातो, आणि त्याच्या मांड्या तुमच्यामाझ्यापेक्षा वेगळ्या असतात. अति कडक बुटात शिकणारा माणूस गुडघा वाकवूच शकत नाही. मग तो कंबरेत वाकतो, हाताने बर्फ शोधतो आणि टो-साइडला धार सुटते. मध्यम कडक शेल घ्या. तुमचं वजन आणि वेग वाढला तर मागच्या कळीच्या जागी कडक स्प्रिंग बसवता येतात. प्लास्टिक कडक निघालं तर ते मात्र सहजासहजी नरम करता येत नाही. नवीन जोडाला पाचशे युरोच्या वर सहज जातात, जुना चांगला मिळाला तर खुशाल घ्या, पण बिजागरापाशी पांढुरक्या रेषा किंवा केसासारखी चीर दिसली तर हात लावू नका. प्लास्टिक म्हातारं होतं, आणि थंडीत जोर आला की तुकडे होतात, तुमचा घोटा आत असताना.

बोर्डबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. खरं तर बुटानंतरचा तुमचा सगळ्यांत मोठा अडथळा तोच आहे. कडक बर्फावर बोर्ड धारेवर जितका उभा कराल तितकं वळण आखडतं: साइडकटला झुकावाच्या कोनाच्या कोसाइनने गुणलं की ढोबळ त्रिज्या येते. 20 मीटरचा बोर्ड 45 अंशांत झुकवला तर 14 मीटरचं वळण. तेवढं झुकून न पडता टिकायला अदमासे 40-42 किलोमीटरचा वेग हवा. त्याच झुकावाला 11 मीटरच्या बोर्डला तिशीतला वेग पुरतो. आणि तुम्ही आत्ता 45 झुकत नसणार, 30 झुकत असाल, म्हणजे तुमचं वळण 17 मीटरचं. डावं-उजवं अशी दोन्ही अर्धवर्तुळं पूर्ण केलीत तर 35 मीटर आडवी जागा लागते. शनिवारी टिरोलच्या कुठल्या उतारावर एवढी मोकळी जागा मिळते, ते मलाही कळवा! जागा नाही म्हणून वळण अर्धवट सोडायचं, अर्धवट सोडलं की वेग वाढतो, वेग वाढला की भीतीने बोर्ड घसरवायचा. ह्यालाच तुम्ही ‘मला कार्व्हिंग जमत नाही’ म्हणताय. 160 ते 170 लांबीचा, 10 ते 12 मीटर साइडकटचा, कंबरेत 20-21 चा बोर्ड कुणाकडून आठवडाभर मागून आणा. 185 विकू नका, दोन वर्षांनी लागेल.

मग पहाटे जा. लिफ्ट सुरू व्हायच्या आधी दारात उभे राहा, यंत्राने रात्री फणी फिरवलेला उतार पहिल्या तासातच मिळतो. सौम्य उतारावर आडवे निघा, बोर्ड धारेवर ठेवा आणि काहीही करू नका. पाय फिरवू नका, खांदे ढकलू नका. बोर्ड स्वतःच वळून वर चढेल आणि थांबेल. मग मागे वळून रेघ बघा. रेघ बोटाइतकी बारीक असेल तर कार्व्ह झालं. सुरुवातीला हातभर रुंद आणि पुढे बारीक असेल तर तुम्ही धार लागायच्या आधी बोर्ड फिरवलात. शेवटी फाटली असेल तर मागच्या पायावर बसलात. कुठलाही प्रशिक्षक इतकं खरं सांगत नाही. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा हे केलंत की मग उतार वाढवा. टो-साइडला कंबर बर्फाकडे न्या, हात नको. हील-साइडला, म्हणजे टाचेकडच्या धारेवर, उकिडवे बसू नका, आपण देशी माणसं तिथे फार पटकन बसतो.

तुमच्यासारखीच पत्रं दर डिसेंबरला दोन-तीन येतात. त्यातली निम्मी जुने स्कीबूट प्लेट बाइंडिंगमध्ये घालून बघणाऱ्यांची असतात. त्यांना एवढंच: चालतं, पण स्कीबूटची सोल त्याच नंबरच्या हार्डबूटपेक्षा लांब असते, त्यामुळे वर सांगितलेला पट्टीचा प्रयोग आधी करा. आणि ज्या बायका लिहितात की पोटरीवर बूट चावतो, त्यांनी वरची नळी मोकळी करून घ्यावी, नंबर वाढवू नये. आपल्या पोटऱ्या खालपर्यंत उतरलेल्या असतात, आणि बूट पुरुषांच्या पायावर बेतलेले असतात.

वयाचं राहिलं. ऑस्ट्रियाची क्लाउडिया रीग्लर 2015 मध्ये पॅरलल जायंट स्लॅलमची (दोघांनी शेजारी-शेजारी दांड्यांमधून उतरायची स्नोबोर्ड शर्यत) जगज्जेती झाली तेव्हा 41 वर्षांची होती, आणि 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकला 48 व्या वर्षी उतरली. तिच्याच देशाच्या बेन्यामिन कार्लने त्याच ऑलिंपिकमध्ये ह्याच शर्यतीत सुवर्ण घेतलं तेव्हा तो 36 चा होता. ते व्यावसायिक आहेत, त्यांची तुलना नको हे मान्य. पण ह्या खेळात उड्या नाहीत, रेलिंगवर आपटणं नाही, जे आहे ते रेघ आणि दाब. वहिनींचा मुद्दा मला वाटतं वयाचा नसावाच. चार शनिवार सकाळी पाचला उठून गेलात आणि संध्याकाळी काळी नखं घेऊन परत आलात, हे त्यांनी बघितलंय. त्यांना एकदा सोबत न्या, खाली उन्हात खुर्ची टाकून बसू द्या आणि तुमची रेघ दाखवा. मात्र आधी बूट बदला.

आणि ते 28.5 जाहिरात टाकून विका. जाहिरातीत सोलची मिलिमीटरमधली लांबी लिहा, आणि ‘पायाची लांबी 28 ते 28.5 असलेल्यांसाठीच’ असं ठळक लिहा. चपलेचा नंबर लिहू नका.